दुप्पट धरलेली मुलं

फुटबॉलला मी आयुष्यात एकदाही पाय लावलेला नाही. तरीही साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी दुबईतल्या आमच्या शाळेचा फुटबॉल बुडाला तो माझ्यामुळे, असं शाळेच्या कमिटीचं ठाम मत होतं. माझ्या एकटीमुळे नव्हे, शाळेतल्या समस्त मुलींमुळे. आम्ही काय केलं होतं? काही नाही. आम्ही पटावर होतो, एवढाच आमचा गुन्हा होता.

तेव्हा अमिरात नावाचा देश व्हायचा होता. सात शेख, त्यांची सात गावं आणि मधे वाळू, असा सगळा कारभार. खाडीच्या अलीकडे आम्ही राहायचो, पलीकडे देराचा बाजार, आणि मधे अब्रा, म्हणजे चार माणसं जास्त बसली की पाण्याला टेकणारी होडी. अब्बा एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात क्लार्क होते. आमच्या आजूबाजूला रत्नागिरीकडची, कुलाब्याकडची आमचीच माणसं. कुणी गोदीवर, कुणी कपड्याच्या दुकानात, कुणी लाँचवर. प्रत्येक जण दोन वर्षांत परत जाणार होता. दोन वर्षं संपली की पुढची दोन सुरू व्हायची.

शाळा भाड्याच्या दुमजली घरात होती. तिची कमिटी म्हणजे पाचसहा व्यापारी, आणि मिनिट्स लिहायला अब्बा. हेडमास्तर गोव्याचे. बोलणं अर्धं इंग्रजी, उरलेल्या अर्ध्यात हिंदी आणि कोकणीची मारामारी. माणूस मनाने वाईट नव्हता, पण मोठेपणाचा भुकेला होता. शाळेत कुणी पाहुणा आला की त्याला पाणी विचारायच्या आधी ते पटसंख्या सांगायचे.

मुलींना शाळेत पाठवायचं की नाही यावर आमच्या लोकांत कधी भांडण झालं नाही. पाठवायचंच होतं, पण लहानपणी. त्यामुळे पहिलीत मुलींची रांग दाराबाहेर जायची, पाचवीत ती आत मावायची, आणि नववीत आम्ही तिघी एका बाकावर बसायचो. एका टोकाला मी. दुसऱ्या टोकाला एका गुजराती कापडवाल्याची मुलगी, तिचं लग्न ठरल्यात जमा होतं आणि तिला त्याचं सुखदुःख काही नव्हतं. मधे माझी शेजारीण. तिचे वडील शिंपी, आमच्याच खालच्या मजल्यावर राहायचे. बीजगणितात ती आम्हा सगळ्यांच्या पुढे, मुलांच्याही. मास्तर फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवायच्या आत हिचं उत्तर तयार. आम्हा दोघींना मॅट्रिक व्हायचं होतं. आमच्या इमारतीतली एकही मुलगी तोवर मॅट्रिक झालेली नव्हती. पहिली कोण होणार यावर आमची बोलाचाली होत असे, कारण वयाने मी मोठी होते आणि अकलेने ती.

आता फुटबॉल. एका बँकेतल्या इंग्रज साहेबाला शाळांसाठी कप सुरू करायची हौस आली. गुडघ्यापर्यंत चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि मधला गुडघा टोमॅटोसारखा लाल. साहेब न्यायाचा पक्का. म्हणाला, लहान शाळेला मोठ्या शाळेशी झुंजवणं बरं नव्हे. मोठ्या शाळेत मुलं जास्त, म्हणून निवडायला वाव जास्त. तेव्हा दोन गट करू. पटावर तीनशेपर्यंत मुलं असलेल्या शाळा लहान गटात, त्याच्या वरच्या मोठ्या गटात. ऐकायला किती सरळ होतं! तोलूनमापून केलेला न्याय. फक्त तोलायच्या वेळी तागडी आमच्या हेडमास्तरांच्या हातात आली.

साहेबाने विचारलं, "तुमच्या शाळेत किती?"

हेडमास्तरांनी छाती पुढे काढून सांगितलं, "थ्री हंड्रेड फोर्टी, सर." त्यात बालवाडीतली नाकं वाहणारी पोरं होती, आम्ही मुली होतो, आणि उन्हाळ्यात मुलुखाला गेलेली पण अजून न परतलेली दोनचार कुटुंबंही असावीत. साहेबाने मान डोलावली आणि आमची शाळा मोठ्या गटात टाकली.

हेडमास्तर परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. "वी आर इन द बिग डिव्हिजन!" कमिटीतल्या लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. अब्बांनी घरी येऊन अम्माला सांगितलं की शाळा मोठी झाली. अम्माने विचारलं, "म्हणजे वर्ग वाढवले?" वर्ग वाढवले नव्हते. नववी अजून जिन्याखालीच भरत होती.

माझा भाई तेव्हा नववीत होता आणि शाळेचा गोलकीपर होता. बाकी टीममधे सातवीपासून दहावीपर्यंतची, अंगाने काडीसारखी मुलं. पहिलीच मॅच पडली ती सरकारी अरबी शाळेशी. ती शाळा नवीन होती आणि लिहायला-वाचायला शिकायची इच्छा असलेला कुणीही तिथे जायचा, वयाची अट नव्हती. त्यांच्या टीममधे सगळ्यांना मिशा होत्या. त्यांच्या सेंटर फॉरवर्डचा लहान मुलगा बाजूला उभा राहून बापाला ओरडून उत्तेजन देत होता. मैदान म्हणजे खाडीमागची खारट जमीन. तिच्यावर चुना टिकत नाही, म्हणून जळक्या तेलाने रेषा आखलेल्या. भाई त्या रेषेवर पडपडून संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचा रंग ओळखू येत नव्हता. अकरा गोल झाले होते.

"कितवा चुकला तुझा?" अब्बांनी विचारलं.

"ऑल ऑफ देम," भाई म्हणाला आणि मोरीत गेला. पाण्याचं पिंप गाढवावरून येणाऱ्या पाण्यावर भरायचं, पण त्या दिवशी त्याने अर्धं पिंप अंगावर ओतलं तरी अम्मा त्याला काही बोलली नाही. मला त्याची खरोखर दया आली. मोरीतून तो रडतोय हे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं आणि सगळे मोठमोठ्याने दुसऱ्याच गोष्टी बोलत होते.

त्या वर्षी आमच्या शाळेने मोठ्या गटात जेवढ्या मॅचेस खेळल्या तेवढ्या हरल्या. मोठं असण्याची हौस डिसेंबरच्या आत फिटली. पुढच्या हंगामाच्या तोंडावर कमिटीची बैठक आमच्याच दिवाणखान्यात भरली. मी आत चहा गाळत होते, त्यामुळे मला सगळं ऐकायला मिळालं. आधी हेडमास्तरांनी बुटांना दोष दिला. मग कुणीतरी रेफरीला दिला. मग एका व्यापाऱ्याला साक्षात्कार झाला.

"अरे भाई, हमारा तो आधा स्कूल लडकियाँ है! ते खेळतात काय?"

मग सगळे एकदम बोलायला लागले. तीनशे चाळीसमधून मुली काढल्या तर उरतात एकशेऐंशी. एकशेऐंशीची शाळा सरळ लहान गटात. लहान गटात कोण आहे? इराण्यांची छोटी शाळा आणि शारजाची एक. कप हातात आल्यासारखाच! आता हा जो शोध लागला होता तो एक शब्द साहेबाला विचारून पक्का करता आला असता. पण साहेबाला विचारायचं म्हणजे आपल्याला नियम कळला नाही हे कबूल करायचं. आमच्या कमिटीतला एकेक माणूस बोट बुडाली तरी कप्तानाला रस्ता न विचारणारा होता.

मुलींना काढायचं म्हणजे हाकलायचं नव्हे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा एकमेकांना सांगितलं. मुलींची वेगळी शाळा करायची. दुपारची. त्याच व्यापाऱ्याच्या जिऱ्याच्या गोदामावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. हेडमास्तरांची बायको मुख्याध्यापिका. ती कविता आणि शिवण शिकवणार. सगळ्यांना ते इतकं आवडलं की बैठक संपेपर्यंत फुटबॉल मागे पडला आणि आपण मुलींसाठी केवढं मोठं काम करतोय याचीच चर्चा सुरू झाली. पुढे कित्येक वर्षं ती गोदामातली शाळा चालली. तिच्या समारंभांत कमिटीच्या दूरदृष्टीवर भाषणं झाली. मी त्यातली दोन स्वतः ऐकली आहेत. फुटबॉलचा उल्लेख एकातही नव्हता.

लहान मुली खूश होत्या. सकाळी झोपायला मिळायचं, घरी येताना फ्रॉकला जिऱ्याचा वास. पण आम्हा तिघींचं काय? बीजगणिताचे मास्तर दुपारी टीमला पळवायचे. सायन्सचे मास्तर तेव्हा गोलपोस्टची जाळी शिवायचे. नववीच्या मुलींना दुपारी शिकवणार कोण? अब्बांनी मला जवळ बोलावलं. मऊ आवाजात बोलायला लागले की अब्बा काहीतरी काढून घेणार हे मला ठाऊक होतं.

"बाय, घरीच बस, फक्त या सीझनपुरतं. टेंपररी अरेंजमेंट. कप झाला की खलास, परत तुझी शाळा. इन्शाल्ला."

"बट व्हॉट अबाउट माय अल्जिब्रा?" मी म्हणाले. आम्हा मुलांना राग आला की इंग्रजी यायचं.

"अल्जिब्रा कुठे पळतोय?" अब्बा म्हणाले. अब्बा लबाड नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की अल्जिब्रा जागेवर उभा राहून माझी वाट बघेल.

त्यांना जे कळलं नाही ते अम्माला आठवड्याभरात कळलं. आमच्या लोकांत मुलगी शाळेत जाते तोवर ती लहान असते, मग ती सतरा वर्षांची का असेना. ज्या दिवशी ती शाळेत जायची थांबते त्या दिवशी ती 'घरी बसली' असं होतं, आणि घरी बसलेल्या मुलीला स्थळं येतात. ती टेंपररी बसली आहे, फुटबॉलसाठी बसली आहे, हे कुणी विचारत नाही. बातमी देराला गेली, देराहून बहरीनला गेली, आणि मला वाटतं मुंबईच्या बोटीने ती आमच्या कोकणातल्या खाडीकाठच्या गावात पोचायला फार दिवस लागले नसावेत. पहिलं स्थळ दुसऱ्याच जुम्याला दारात. मुलगा बहरीनला ऑइल कंपनीत होता. अम्मा फोटो उजेडाकडे धरून म्हणाली, "चांगला आहे. फक्त मुलगा कुठला आणि मुलाचा बाप कुठला ते सांगा." फोटोत एकच माणूस होता.

मी हसले. खाली शिंप्याच्या घरात मात्र हसण्यासारखं नव्हतं. माझी शेजारीण चार बहिणींतली थोरली. तिच्या वडिलांनी पहिल्या दिवसापासून टेंपररी हा शब्द मनावर घेतला नव्हता. मुलगी घरी बसली तर बसली, एकीचं तरी उरकेल, असा त्यांचा हिशोब. तिला गावाकडचं स्थळ आलं आणि त्यांनी होकार कळवून टाकला. बोट जानेवारीत होती. दुपारी आम्ही दोघी गच्चीवर बोंबील उन्हात टाकायला जायचो. ती कोळशाने कठड्यावर उदाहरणं मांडायची. आमचं पुस्तक ज्या पानावर थांबलं होतं त्याच्या पुढची. नववी-दहावीला मिळून पुस्तक एकच होतं आणि ते भाईकडे होतं, म्हणून ती उदाहरणं स्वतःच रचायची आणि स्वतःच सोडवायची.

"कप झाला की परत घेणार ना ग आपल्याला?" ती विचारायची.

"अब्बांनी सांगितलंय," मी म्हणायचे. माझा अब्बांवर विश्वास होता. कपावरही होता.

मग साहेबाला नवीन आकडा देण्याचा दिवस आला. हेडमास्तर आणि अब्बा दोघे बँकेत गेले. ते कसे परत आले ते मी वरून खिडकीतून पाहिलं. अब्बा पुढे, हेडमास्तर चार पावलं मागे, आणि दोघांत बोलणं नाही. अब्बांनी टोपी काढली, पंख्याखाली बसले आणि सगळी हकिगत अम्माला सांगितली, म्हणजे आम्हा सगळ्यांनाच सांगितली.

हेडमास्तरांनी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "सर, धिस इयर, वन हंड्रेड एटी. ओन्ली बॉइज."

साहेबाने पाइप बाजूला ठेवला. "ओन्ली बॉइज? देन वी डबल इट."

साहेबाचा न्याय असा होता. मिश्र शाळेत साधारण निम्म्या मुली असतात, त्या खेळत नाहीत. ते धरूनच तीनशेची रेघ मारलेली. मग जी शाळा नुसती मुलांची असेल तिच्यात खेळायला दुप्पट मुलं. म्हणून नुसत्या मुलांच्या शाळेचा पट दुप्पट धरायचा. एकशेऐंशी दुणे तीनशे साठ. मुली होत्या तेव्हा आम्ही तीनशे चाळीस होतो. मुली काढून आमची शाळा आणखी मोठी झाली होती.

"म्हणजे साहेबाला आपल्या मुलींचं आधीपासून ठाऊक होतं?" अम्माने विचारलं.

"त्याने त्या मोजूनच नियम केलेला," अब्बा म्हणाले.

"मग आता पोरींना परत घ्या."

अब्बा म्हणाले, "घेतल्या तरी बिग डिव्हिजन, नाही घेतल्या तरी बिग डिव्हिजन. हेडमास्तर म्हणतात, फरक काहीच पडत नाही तर कशाला उगाच हलवाहलव करायची? गोदामातली शाळा छान चाललीय. लोक खूश आहेत."

मी तिथेच उभी होते. फरक काहीच पडत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्हाला काढलं तेव्हा कप आणणार होते. कप येत नाही म्हटल्यावर आम्हाला परत घ्यायचं कारणच उरलं नव्हतं. अब्बांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि पेपर उघडला. तो पेपर बोटीने आलेला, तीन आठवड्यांचा जुना होता.

त्या दिवशी मी सुरमई साफ करायला बसले आणि रागारागाने खवलं काढता काढता एकदम थांबले. नियम पुन्हा मनात म्हणून बघितला. नुसत्या मुलांची शाळा असेल तर दुप्पट. मिश्र असेल तर पटावर असतील तेवढीच. मग मिश्र म्हणजे किती मिश्र? साहेबाने ते कुठे सांगितलं होतं? शाळेत एकशेऐंशी मुलगे आणि आम्ही तिघी बसलो तर ती शाळा मिश्र. तिचा पट एकशे त्र्याऐंशी. आमची शाळा लहान गटात जाते आणि आम्ही तिघी नववीत!

माशाच्या हातानेच मी भाईला गच्चीवर ओढत नेलं आणि सांगितलं. त्याला समजायला वेळ लागला, पण समजल्यावर त्याचे डोळे चमकले. मागच्या वर्षीचे अकरा गोल त्याच्या डोळ्यांसमोर असणार. तो दोनदोन पायऱ्या गाळत खाली गेला. जेवताना मला कळलं की हे सगळं त्याने अब्बांना आपलं म्हणून सांगितलं आहे. अब्बा त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणत होते, "डोकं आहे पोराला! याला बँकेत लावला पाहिजे." मी भात वाढत राहिले. मला शाबासकी नको होती, शाळा हवी होती. आणि अब्बांच्या कमिटीत मुलीच्या डोक्यातून आलेली गोष्ट दारातच अडली असती, हे मला तेव्हाही कळत होतं.

कमिटी पुन्हा आमच्या दिवाणखान्यात बसली. पुन्हा मी चहा गाळला. हेडमास्तर तर आनंदाने उठून उभेच राहिले. "ब्रिलियंट! एक मुलगी बसवली की मिक्स्ड स्कूल. खलास!"

अब्बा म्हणाले, "तीन आहेत, सर. नववीच्या तिघी."

"तिघी कशाला?" हेडमास्तर म्हणाले. "एक पुरे. साहेबाचा भरवसा नाही, उद्या तो आणखी नियम काढेल. आकडा जितका कमी तितका बरा. आणि दुसऱ्यांच्या मुलींना आज बोलवायचं, उद्या बाकीच्यांचे बाप विचारणार, आमच्या का नाही? घरातली गोष्ट घरात राहू दे. गोलकीपरची बहीण आहेच ना आपली?"

मी पडद्याआडून बाहेर आले. कपबशांचा ट्रे हातात होता. पाच व्यापारी, हेडमास्तर आणि बाप यांच्यासमोर मी त्यापूर्वी कधी बोलले नव्हते. "सर, तिला पण घ्या ना. खालच्या मजल्यावरची. ती माझ्याहून हुशार आहे." माझा आवाज कापत होता याचा मला अजून राग येतो.

हेडमास्तर प्रेमाने हसले. मी आधीच म्हटलंय, माणूस मनाने वाईट नव्हता. "बेटी, हुशारीचा प्रश्न कुठे आहे? वी नीड ओन्ली वन."

अब्बा मिनिट्स लिहीत राहिले. रात्री मात्र ते स्वतः खाली शिंप्याकडे जाऊन आले. परत येऊन म्हणाले, "तो म्हणतो, बोटीचं बुकिंग झालं. आणि कमिटीला एकच पाहिजे तर माझीच कशाला?" मी त्यांच्यावर रागावलेच होते, पण ते गेले होते एवढं मी त्यांच्या बाजूने धरते.

सोमवारपासून मी शाळेत जायला लागले. तिघींच्या बाकावर एकटी. साहेब खात्री करायला आले तेव्हा हेडमास्तरांनी मला जिन्याखालून उचलून पहिल्या रांगेत आणून बसवलं. साहेब लाल गुडघे वाकवून माझ्याशी बोलले. शाळेत काय आवडतं, म्हणाले. मी अल्जिब्रा म्हटलं. "स्प्लेंडिड," साहेब म्हणाले आणि आमची शाळा लहान गटात गेली. बहरीनच्या माणसाला अम्माने कळवलं की मुलगी अजून लहान आहे, शाळेत जाते. आठवड्यापूर्वी मी मोठी होते.

टीम जिंकत गेली. इराणी शाळेला हरवलं, शारजावाल्यांना त्यांच्याच मैदानावर हरवलं. वर्गातली मुलं मला बघून हसायची, पण मॅचच्या दिवशी त्यांच्यातलाच एखादा येऊन विचारायचा, "यू आर कमिंग टुमॉरो, नो?" मला ताप आला तर शाळा पुन्हा दुप्पट होईल अशी त्यांना भीती होती. भाईचं वागणं तर पार बदललं. आपलं पुस्तक त्याने मला देऊन टाकलं. वर म्हणाला, "तुला काय लागलं तर सांग." इतकं महत्त्व मला घरात त्यापूर्वी कधी मिळालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

कपाची फायनल शुक्रवारी होती आणि बोट रविवारी. गुरुवारी संध्याकाळी माझी शेजारीण वर आली. हातावर मेंदी नव्हती, ती गावाला लागणार होती. अम्माने तिला जवळ घेतलं आणि आम्हाला खोलीत सोडून ती चहा करायला गेली. मी काय बोलायचं ते दिवसभर ठरवत होते, पण तिने बसल्या बसल्या विचारलं, "कुठवर आलं?"

मी पुस्तक उघडून दाखवलं. क्वाड्रॅटिक सुरू झालं होतं. मला दोन दिवस ते सुटत नव्हतं. तिने ते पान वाचलं, मागचं पान वाचलं, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि सोडवायला लागली. पहिलं उदाहरण तिला जरा जड गेलं. दुसरं सुटलं. तिसऱ्याला तर तिने मधल्या पायऱ्या गाळल्या आणि मला रागावून म्हणाली, "बघ ना नीट, परीक्षेत मी नसणार."

मग मान वर न करता तिने विचारलं, "तुलाच का घेतलं ग?"

मी खोटं सांगू शकले असते. म्हटलं असतं की वयाने मी मोठी, किंवा अब्बा कमिटीत. पण ती माझ्याहून हुशार होती, तिला खोटं चाललं नसतं. "भाई गोलकीपर आहे म्हणून," मी म्हणाले.

तिने एकदा मान हलवली. नियम कळल्यावर हलवायची तशीच.

"आम्ही तर चारी बहिणीच," ती म्हणाली, आणि तिने पुढचं उदाहरण सोडवायला घेतलं.